वारली पात्रांना डिजिटल अ‍ॅनिमेशनमध्ये लेअरनुसार रंग कसा द्यायचा? क्रिटा आणि ओपनटून्झसाठी संपूर्ण मार्गदर्शक

कार्टून पात्राला रंग कसा भरायचा हे शिकवणारे व्हिडिओ भरपूर आहेत. त्यातलं सूत्र साधारण एकच असतं: वर काळ्या रेषेचा लेअर, त्याखाली सपाट रंगाचा लेअर, त्यावर सावली आणि शेवटी उजेड. पण हेच सूत्र वारली चित्रातल्या माणसाला लावलं की गाडी अडते. इथे काळी रेष नाही, सावली नाही आणि पात्राचा रंग एकच, पांढरा. हात धडावरून फिरला की पांढऱ्यावर पांढरं येतं आणि हात दिसेनासा होतो.

डहाणू आणि तलासरी तालुक्यांत वारली चित्रं काढणारी अनेक तरुण मुलं-मुली आता मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर काम करू लागली आहेत. हातात कला आहे, सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण या चित्रशैलीला लागू पडेल अशी रंगकामाची माहिती मराठीत सहज सापडत नाही. या लेखात आपण ती टप्प्याटप्प्याने पाहू. सॉफ्टवेअर दोन घेतली आहेत, क्रिटा आणि ओपनटून्झ. दोन्ही मोफत आणि ओपन सोर्स आहेत. दुसरं कोणतंही सॉफ्टवेअर वापरत असाल तरी तत्त्व तेच राहतं.

आधी हे समजून घ्या: वारली चित्रात रंग कुठे असतो?

पारंपरिक वारली चित्र घराच्या कुडाच्या भिंतीवर काढलं जातं. भिंत शेणामातीने सारवायची, त्यावर गेरू द्यायचा आणि तांदळाच्या पिठात पाणी व थोडा डिंक कालवून बांबूच्या काडीने चित्र काढायचं. काडीचं टोक चावून किंवा ठेचून कुंचल्यासारखं मऊ केलेलं असतं. माणूस म्हणजे टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण, वर डोक्याचा गोल आणि रेषेचे हातपाय. बाईच्या डोक्यामागे अंबाड्याचा छोटा गोल येतो.

म्हणजे पात्राच्या आत वेगवेगळे रंग नाहीतच. रंग आहे तो जमिनीला, म्हणजे मागच्या गेरूला. दोन आकार वेगळे दिसतात ते त्यांच्यामध्ये सोडलेल्या गेरूच्या फटीमुळे. नीट पाहिलं तर जुने जाणते चित्रकार हात धडाला चिकटू देत नाहीत, मध्ये बारीकशी जागा ठेवतात.

डिजिटल रंगकामाचा सगळा मुद्दा इथेच आहे. कार्टूनमध्ये आपण आकारांत रंग भरतो, वारलीमध्ये आपण आकारांमधली फट सांभाळतो. हे एकदा लक्षात आलं की लेअर कसे पाडायचे, पॅलेट कशी करायची आणि सावली का टाळायची, या सगळ्याची उत्तरं आपोआप मिळतात.

लेअर आले कुठून?

संगणक येण्याआधी अ‍ॅनिमेशनचं पात्र पारदर्शक शीटवर काढायचे. त्याला सेल म्हणत. पुढच्या बाजूने रेष आणि मागच्या बाजूने रंग. हलणारा हात एका सेलवर, स्थिर धड दुसऱ्या सेलवर आणि खाली रंगवलेलं बॅकग्राउंड. हात हलवायचा असेल तर फक्त हाताचे सेल नव्याने काढायचे. आजचा लेअर म्हणजे हाच सेल.

रंगकाम संगणकावर यायला १९९० च्या आसपास सुरुवात झाली. डिस्नेचा ‘द रेस्क्यूअर्स डाउन अंडर’ (१९९०) हा पूर्ण चित्रपट संगणकावरच्या रंगकामाने तयार झाला. ‘टून्झ’ हे इटलीतल्या डिजिटल व्हिडिओ कंपनीचं सॉफ्टवेअर. जपानच्या स्टुडिओ घिब्लीने ते ‘प्रिन्सेस मोनोनोके’ (१९९७) या चित्रपटासाठी वापरलं. २०१६ मध्ये त्याची ओपन सोर्स आवृत्ती ‘ओपनटून्झ’ नावाने सगळ्यांसाठी खुली झाली. क्रिटा हे मुळात चित्रकलेचं सॉफ्टवेअर आहे. त्यात अ‍ॅनिमेशनची सोय २०१६ च्या ३.० आवृत्तीपासून आली.

कोणतं सॉफ्टवेअर कधी वापरावं?

- क्रिटा: प्रत्येक फ्रेम हाताने काढायची असेल, काडीच्या रेषेचा खडबडीतपणा हवा असेल आणि सीन लहान असेल तर.
- ओपनटून्झ: हात, पाय, धड असे सुटे भाग फिरवून अ‍ॅनिमेशन करायचं असेल, पात्रं जास्त असतील किंवा रंग नंतर बदलण्याची शक्यता असेल तर.

पायरी १: पात्राचे लेअर पाडा

एका वारली माणसासाठी खालचे लेअर पुरतात. यादी वरून खाली, म्हणजे सर्वांत पुढचा भाग आधी:

१. पुढचा हात
२. पुढच्या हाताची कड (ही काय ते पुढे येतं)
३. डोकं आणि अंबाडा
४. वरचा त्रिकोण
५. खालचा त्रिकोण
६. पुढचा पाय
७. मागचा पाय
८. मागचा हात
९. गेरूची जमीन (हा पात्राच्या ग्रुपबाहेर, सर्वांत खाली)

दोन त्रिकोण वेगळ्या लेअरवर ठेवण्याचं कारण सोपं आहे. वारली माणूस वाकतो तो कमरेत, म्हणजे दोन टोकं जिथे भेटतात त्या बिंदूत. फिरवण्याचा केंद्रबिंदू बरोबर त्या टोकावर ठेवा. बिंदू थोडा जरी सरकला तरी माणूस कमरेत तुटल्यासारखा दिसतो.

लेअरना नावं द्या. ‘लेअर १’, ‘लेअर १ कॉपी २’ अशी नावं ठेवली की आठवड्याने तुमचं तुम्हालाच काही कळत नाही. ‘बाई_पुढचा हात’ असं सरळ मराठीत लिहिलं तरी चालतं. मात्र फाइल आणि फोल्डरची नावं रोमन लिपीत ठेवलेली बरी, कारण काही प्रोग्रॅम फाइल उघडताना देवनागरी नावांवर अडखळतात.

पायरी २: पांढऱ्यावर पांढरं आलं तर? कड द्या

पुढचा हात धडावरून जातो तिथे हाताभोवती गेरूची बारीक फट दिसायला हवी. त्यासाठी दोन पद्धती आहेत.

पद्धत अ: गेरूच्या रंगाची कड. हाताच्या पांढऱ्या रेषेखाली थोडी जाड, गेरूच्याच रंगाची रेष ठेवायची. पांढरी रेष ८ पिक्सेल असेल तर कड १६ पिक्सेलची घ्या, म्हणजे दोन्ही बाजूंना ४-४ पिक्सेल फट दिसेल. सोपी आणि जलद पद्धत. पण बॅकग्राउंड एकसारख्या सपाट रंगाचं असेल तरच चालते. बॅकग्राउंडला भिंतीचा पोत असेल, तर कड ठिगळासारखी उठून दिसते.

पद्धत आ: कड खोडायची. इथे कड रंगवायची नाही, तिने खालचं धड तेवढ्यापुरतं खोडायचं. मग फटीतून खरी जमीन दिसते, पोतासकट. जरा जास्त काम, पण निकाल भिंतीवरच्या चित्राच्या जवळचा येतो.

दोन्ही पद्धतींत एक काळजी घ्या. खांद्यापाशी कड थांबवा. हात त्रिकोणाच्या कोपऱ्याला जिथे जोडला जातो तिथे फट नको, नाहीतर हात शरीरापासून सुटलेला दिसतो. जोड असेल तिथे पांढरं सलग आणि भाग एकमेकांवरून जातात तिथे फट, एवढा नियम पाळा.

पायरी ३: क्रिटामध्ये कसं करायचं?

१. नवीन फाइल घ्या, १९२० × १०८० पिक्सेल. खालच्या लेअरवर गेरू भरा.
२. एक ग्रुप लेअर तयार करा आणि पात्राचे सगळे लेअर त्यात ठेवा. ग्रुपचा ‘पास थ्रू’ पर्याय बंद हवा.
३. त्रिकोणाची बाह्यरेषा काढा आणि फिल टूलने आत पांढरा भरा. फिल टूलच्या पर्यायांत ‘ग्रो’ २ पिक्सेल ठेवा. शून्य ठेवलं तर रेष आणि भरलेला रंग यांच्यामध्ये केसाएवढी गेरूची रेघ राहते. कार्टूनमध्ये काळ्या रेषेखाली ती लपते, वारलीत लगेच डोळ्यात येते.
४. जमीन सपाट असेल तर हाताच्या लेअरला ‘लेअर स्टाइल’मधून ‘स्ट्रोक’ द्या, रंग गेरूचा. पद्धत अ तयार झाली.
५. जमिनीला पोत असेल तर हाताच्या लेअरची कॉपी करून ती हाताच्या खाली ठेवा. त्या कॉपीवर हाताचा आकार सिलेक्ट करा, ‘ग्रो सिलेक्शन’ने ४ पिक्सेल वाढवा आणि भरा. आता या लेअरचा ब्लेंडिंग मोड ‘इरेज’ करा. ग्रुपमधलं खालचं धड तेवढं खोडलं जाईल, ग्रुपबाहेरची जमीन तशीच राहील.
६. खांद्यापाशी कडेचा भाग खोडरबराने काढून टाका.

पिठाचा खरबरीत पोत हवा असेल तर तो प्रत्येक अवयवावर वेगळा देऊ नका. ग्रुपच्या सर्वांत वर एक पोताचा लेअर ठेवा आणि त्याचं ‘इनहेरिट अल्फा’ चालू करा. पोत फक्त पात्रापुरता दिसेल, बाहेर सांडणार नाही. हा एकच लेअर सगळ्या फ्रेमना पुरतो. दर फ्रेमला वेगळा पोत दिला तर पात्र व्हिडिओत लुकलुकतं.

पायरी ४: ओपनटून्झमध्ये पॅलेटची ताकद वापरा

ओपनटून्झमध्ये ‘टून्झ रास्टर’ किंवा ‘स्मार्ट रास्टर’ नावाची लेव्हल असते. तिची गंमत अशी की चित्रात प्रत्यक्ष रंग साठवलेला नसतो, रंगाचा क्रमांक साठवलेला असतो. प्रत्येक पिक्सेलसाठी तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: रेषेचा क्रमांक, भरलेल्या रंगाचा क्रमांक आणि त्या दोघांचं प्रमाण. खरा रंग असतो पॅलेटमध्ये. पॅलेटमधला ३ क्रमांकाचा रंग बदलला की जिथे जिथे ३ आहे तिथे सगळीकडे तो बदलतो, सगळ्या फ्रेममध्ये, एका क्लिकमध्ये.

याचा फायदा हिशोबात पाहा. सेकंदाला २४ फ्रेम आणि प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरलं, तर सेकंदाला १२ चित्रं लागतात. १० सेकंदांच्या सीनला १२०. एका पात्राचे सात लेअर स्वतंत्र हलत असतील तर ८४० चित्रं. काम घेणाऱ्याने शेवटच्या दिवशी सांगितलं, “गेरू जरा गडद करा”, आणि तुम्ही कड थेट रंगाने रंगवली असेल, तर कडेचं प्रत्येक चित्र पुन्हा उघडावं लागेल. पॅलेट नीट असेल तर काम अर्ध्या मिनिटाचं.

वारली पात्रासाठी पॅलेटमध्ये निदान हे चार रंग वेगळे ठेवा, जरी पडद्यावर त्यातले दोन-तीन सारखेच दिसत असले तरी:

१. पीठ_रेष: हातपाय, बाह्यरेषा.
२. पीठ_भराव: त्रिकोण आणि डोक्याच्या आतला रंग.
३. गेरू_कड: आकारांमधली फट.
४. खूण: सांधे, केंद्रबिंदू दाखवण्यासाठी भडक हिरवा किंवा निळा. रेंडर करण्याआधी याची पारदर्शकता शून्य करा.

रेष आणि भराव सारखेच पांढरे असताना वेगळे का ठेवायचे? कारण उद्या भराव किंचित मळकट करून पाहायचा असेल, किंवा रात्रीच्या सीनमध्ये फक्त रेष ठेवून भराव काढायचा असेल, तर मार्ग मोकळा राहतो.

बाकीच्या गोष्टी:

- एक्सशीटमध्ये उजवीकडचा कॉलम पुढे आणि डावीकडचा मागे असतो. ‘मागचा हात’ डावीकडे, ‘पुढचा हात’ उजवीकडे ठेवा.
- नव्या आवृत्त्यांमध्ये ब्रशला ‘ड्रॉ ऑर्डर’ असते. पांढरा हात आधी काढा, मग ‘अंडर ऑल’ निवडून गेरू_कड रंगाने त्याच्याच खालून जाड रेष फिरवा. वेगळा लेअरही लागत नाही.
- जमिनीला पोत असेल तर एफएक्समधला ‘मॅट आउट’ वापरून कडेच्या आकाराने धड कापा.
- बाह्यरेषेत फट राहिली की रंग बाहेर सांडतो. ‘व्ह्यू’ मेनूतलं ‘गॅप चेक’ चालू केलं की अशा जागा दिसतात.
- पॅलेटमधले रंग वेळेनुसार बदलता येतात. सकाळ ते रात्र दाखवायची तर फक्त गेरू आणि गेरू_कड यांना की-फ्रेम द्या. पात्राला हातही लावावा लागत नाही.

कोणता गेरू, कोणता पांढरा?

तांदळाच्या पिठाचा पांढरा हा संगणकाचा पूर्ण पांढरा (२५५, २५५, २५५) नसतो. तो किंचित पिवळसर असतो. सुरुवातीला लाल २४४, हिरवा २३९, निळा २२६ घेऊन पाहा. गेरूसाठी लाल १२०, हिरवा ५०, निळा ३० ठीक वाटतो.

या दोन रंगांमधलं उजेडाचं अंतर, ज्याला कॉन्ट्रास्ट रेशो म्हणतात, सुमारे ८:१ येतं. गेरू फिकट केला, समजा १७०, ८५, ५५, तर ते ४.५:१ च्या आसपास उतरतं. वेबसाइटवरच्या साध्या मजकुरासाठी ४.५:१ ही किमान मर्यादा मानली जाते. वारलीतले हातपाय अक्षरांइतकेच बारीक असतात, त्यामुळे त्याच्या खाली जाऊ नका.

अजून एक कारण. व्हिडिओ आकाराने लहान करताना बहुतेक वेळा उजेडाची माहिती पूर्ण ठेवली जाते, पण रंगाची माहिती उभी-आडवी निम्मी केली जाते. म्हणून भडक लालवरच्या बारीक रेषेच्या कडा धुरकट होतात. गेरू गडद आणि कमी भडक ठेवला की रेष उजेडाच्या फरकावर उभी राहते आणि टिकते. १०८० च्या व्हिडिओत ४ पिक्सेलपेक्षा बारीक रेष शक्यतो नकोच. शेवटची तपासणी मोबाइलवर, भर उन्हात करा. तुमचा व्हिडिओ बहुतेक लोक तिथेच पाहणार आहेत.

कागदावर काढलेलं चित्र कसं घ्यायचं?

काहींचा हात कागदावरच चांगला चालतो. हरकत नाही.

- पांढऱ्या कागदावर काळ्या पेनने: स्कॅन करा, ओपनटून्झच्या ‘क्लीनअप’मधून काढा. काळी रेष पॅलेटमधला एक क्रमांक होते. मग त्या क्रमांकाचा रंग पांढरा करा, झालं.
- गेरूच्या कागदावर पांढऱ्याने: स्कॅन क्रिटात उघडा. ‘कलर टू अल्फा’ फिल्टरमध्ये गेरूचा रंग निवडा. गेरू पारदर्शक होतो, पांढरं उरतं. मोबाइलने फोटो काढणार असाल तर सावलीत, पण भरपूर उजेडात काढा. एका बाजूने उजेड असेल तर गेरू सगळीकडे सारखा येत नाही आणि फिल्टर अर्धवट चालतो.

कागदावरच हात, पाय, धड सुटे सुटे काढले तर नंतर कापाकापी वाचते.

उदाहरण: तारपा नाच

तारपा वाजवणारा मध्ये आणि त्याच्याभोवती कमरेत हात गुंफून नाचणाऱ्यांची रांग. वारली चित्रांतलं बहुधा सर्वांत ओळखीचं दृश्य. अ‍ॅनिमेशनसाठी मात्र कठीण, कारण प्रत्येकाचा हात शेजारच्यावरून जातो.

काम कमी कसं करायचं: एकाच नर्तकाची ८ चित्रांची चाल तयार करा. प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरलं तर १६ फ्रेमची, म्हणजे पाऊण सेकंदापेक्षा थोडी कमी वेळाची आवर्ती चाल होते. तीच १६ जणांना लावा, प्रत्येकाला वर्तुळातल्या जागेनुसार फिरवा. सगळे एकदम यंत्रासारखे हलू नयेत म्हणून दोन-तीन प्रकारचे नर्तक करा आणि काहींची चाल एखाद्या चित्राने मागेपुढे ठेवा.

लेअरचा पेच: पहिल्याचा हात दुसऱ्यावर, दुसऱ्याचा तिसऱ्यावर, असं करत सोळाव्याचा हात पुन्हा पहिल्यावर यायला हवा. लेअरच्या चळतीत हे शक्यच नाही. पहिला सोळाव्याच्या वरही आणि खालीही कसा असेल? याचं उत्तर मूळ चित्रातच आहे. तारप्याची रांग पुष्कळदा पूर्ण बंद वर्तुळ नसते, ती गोगलगायीच्या शंखासारखी उघड्या टोकाची असते. एक पुढारी, एक शेपूट. अशी रांग काढली की लेअरचा क्रम सरळ लागतो. वर्तुळ बंदच हवं असेल तर शेवटच्या नर्तकाचा फक्त हात सुटा करून सर्वांत वर ठेवा.

इथे कड नसेल तर सोळा माणसांची एक पांढरी माळ दिसते. कड दिली की सोळा माणसं दिसतात.

साध्या लॅपटॉपवर चालेल का?

चालेल, थोडी काळजी घेतली तर. १९२० × १०८० चा एक पूर्ण भरलेला लेअर मेमरीत सुमारे ८.३ एमबी जागा घेतो. वरच्या हिशोबातली ८४० चित्रं पूर्ण आकाराची धरली तर जवळपास ७ जीबी. सॉफ्टवेअर रिकामी जागा वाचवतं, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा बराच कमी येतो. तरी ४ जीबी रॅम असेल तर हे करा:

- सीन ३ ते ५ सेकंदांच्या तुकड्यांत करा, शेवटी जोडा.
- न हलणारे भाग (झाडं, झोपडी, जमीन) एकाच लेअरवर एकत्र करा.
- व्हिडिओ थेट न काढता फ्रेमची चित्रमालिका काढा. वीज गेली तरी झालेल्या फ्रेम वाचतात.

नेहमी होणाऱ्या चुका

- सावली देणे: पात्राखाली सावली दिली की ते भिंतीवरून उठतं आणि कागदी बाहुलीसारखं दिसतं. खोली दाखवायची तर वारलीची पद्धत वापरा: आकार लहान-मोठा, जागा वर-खाली, पानं दाट-विरळ.
- त्रिकोणात लाल-निळे-हिरवे कपडे भरणे: आजकाल रंगीत वारलीही काढली जाते, तो चित्रकाराचा निर्णय. पण सॉफ्टवेअरमध्ये रंग आहेत म्हणून भरायचे, हे कारण नव्हे. रंग आले की फटीचं काम रंग करू लागतात आणि चित्राचा बाज बदलतो.
- पोत पात्रासोबत हलवणे: भिंतीचा पोत भिंतीचा आहे. हात हलला म्हणून भिंत हलत नाही.
- सगळं एका लेअरवर उरकणे: पहिल्या दिवशी वेळ वाचतो, दुरुस्तीच्या दिवशी दुप्पट जातो.
- रेष अति गुळगुळीत करणे: ब्रशचं स्टॅबिलायझर कमी ठेवा. काडीची रेष थोडी थरथरलेलीच असते.

रंगकाम करणाऱ्याने चित्रकाराला काय विचारावं?

काही वेळा चित्र डहाणू-तलासरीचा कलाकार काढतो आणि रंग-हालचाल दुसरीकडे कोणीतरी करतं. अशा वेळी दोन प्रश्न आधी विचारा. पहिला: कोणता भाग कोणाच्या पुढे? हे रंगकाम करणाऱ्याने अंदाजाने ठरवू नये. दुसरा: हे चित्र हलवायचं आहे का? लग्नाचा चौक हे नुसतं नक्षीकाम नाही. त्यात पालघाट देवी असते, तो लग्नाच्या विधीचा भाग आहे आणि परंपरेने तो सुवासिनी काढतात. देवीचे हातपाय हलवायचे की नाहीत, हा सॉफ्टवेअरचा प्रश्न नाही.

ही कला रोजच्या चित्रकलेत आणि जगासमोर नेण्यात जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांचं नाव पहिलं येतं. तलासरी तालुक्यातल्या धामणगावात त्यांचा जन्म झाला आणि डहाणू तालुक्यातल्या गंजाडजवळ त्यांनी आयुष्यभर चित्रं काढली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालं आहे आणि त्यासाठीचा अर्ज आदिवासी युवा सेवा संघाने केला होता.

आणि फाइल कोणाची?

हा भाग वगळू नका. लेअर आणि पॅलेट असलेली मूळ फाइल म्हणजे नुसता व्हिडिओ नव्हे. ती ज्याच्याकडे आहे तो तुमचं पात्र घेऊन उद्या दहा नवे व्हिडिओ करू शकतो.

कॉपीराइट कायदा, १९५७ मधल्या तीन गोष्टी माहीत असू द्या:

- कलम १७: पैसे घेऊन कोणाच्या सांगण्यावरून चित्र किंवा फिल्म केली आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक काम सांगणारा ठरतो. म्हणून काम सुरू करण्याआधीच लेखी ठरवा.
- कलम १९: हक्क दुसऱ्याला देणं लेखी आणि सहीनिशी असावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारत धरला जातो.
- कलम ५७: हक्क विकले तरी ‘हे काम माझं आहे’ असं सांगण्याचा चित्रकाराचा हक्क राहतो.

करारात एवढं एक वाक्य तरी टाका: फक्त तयार व्हिडिओ देणार की लेअरसह मूळ फाइलही देणार, आणि मूळ फाइलचे वेगळे पैसे किती.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मोबाइलवर हे करता येईल का?
लेअर, ब्लेंडिंग मोड आणि फ्रेम असलेल्या कोणत्याही अ‍ॅपमध्ये पद्धत अ करता येते. पॅलेटमधून सगळ्या फ्रेमचा रंग एकदम बदलण्याची सोय मात्र बहुतेक मोबाइल अ‍ॅपमध्ये मिळत नाही. म्हणून मोबाइलवर कड नेहमी वेगळ्या लेअरवर ठेवा.

कड किती जाड असावी?
हाताच्या रेषेच्या निम्मी, प्रत्येक बाजूला. पात्र लहान असेल तर प्रमाणात थोडी जास्त. लांबून पाहिल्यावर हात वेगळा दिसला पाहिजे, पण कड आहे हे जाणवता कामा नये.

ग्राफिक टॅब्लेट हवाच का?
सुट्या भागांचं अ‍ॅनिमेशन माउसवरही होतं. फ्रेम-दर-फ्रेम काढायचं असेल तर टॅब्लेट घ्या किंवा कागदावर काढून स्कॅन करा.

रेंडर पारदर्शक हवं असेल तर?
जमिनीचा लेअर बंद करून पीएनजी चित्रमालिका काढा. अशा वेळी पद्धत आ वापरा. पद्धत अ वापरली तर फटी गेरूच्याच राहतील आणि वेगळ्या बॅकग्राउंडवर त्या उठून दिसतील.

सुरुवात लहान ठेवा. एक माणूस, एक हात, दोन सेकंद. हात धडावरून फिरताना स्पष्ट दिसला आणि पॅलेटमध्ये गेरू बदलल्यावर कडही सोबत बदलली, की तुमची मांडणी बरोबर आहे. मग सोळा जणांची रांग काढायला घ्या.